पहिली नजर मडक्याला

माझ्या डोळ्यांना आमच्या पोशेरा गावातली पोरं घाबरतात, हे आधीच सांगून टाकते. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आणि कुणी शेजारच्याच्या ताटात हात घातला की नुसते डोळे वटारायचे. तोंड उघडायची गरज पडत नाही, तीस पोरं एकदम गप्प. गावात म्हणतात, बायडीने बघितलं की दूध नासतं. म्हणोत बापडे.

अशा माझ्याकडे आमच्याच घरातली एक पोरगी ढुंकून बघत नव्हती. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, चंदना, वय दीड वर्ष. आणि एकट्या माझ्याकडे नाही असं नाही, ती कुणाकडेच बघत नव्हती, जन्म दिलेल्या आईकडेही नाही. ती बघायची दारावरच्या मडक्याकडे. आता ते मडकं तिथं टांगलं कुणी? मीच. म्हणून हे सगळं मीच सांगते, दुसरं कुणी सांगायला बसलं तर तिखटमीठ लावेल. आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले म्हणून असं मराठीत सांगता येतंय. घरात आम्ही आमच्या बोलीत भांडतो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

चंदना तीन महिने आधीच जन्मली. कार्तिकात यायची ती श्रावणात आली. माझी भावजय माघी तेव्हा बावीस वर्षांची. नागलीतलं, म्हणजे नाचणीतलं, तण काढून घरी आली आणि म्हणाली, "बाय, पोटात कळ येते." ती मला बाय म्हणते, भाऊही बायच म्हणतो. मी म्हटलं, वारा धरला असेल, ओवा खा. वारा कसला नि काय. भाऊ कमलेश मोखाडा-जव्हार जीप चालवतो, त्याने तशीच जीप काढली आणि अंधार पडायच्या आत आम्ही नाशिकला मोठ्या दवाखान्यात. पोर झाली साडेनऊशे ग्रॅमची. अंगणवाडीत मी दर महिन्याला पोरांना वजनकाट्याला टांगते, ते आकडे मला पाठ आहेत. साडेनऊशे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

अठ्ठावन्न दिवस ती काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, डोक्यावर दिवा, दिवसरात्र टुक टुक वाजणारी यंत्रं. पुढे पुढे नर्सबाई तिला माघीच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायच्या, ऊब मिळावी म्हणून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आणली तेव्हा पावणेदोन किलो भरली. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी चंदना ठेवलं, आणि त्या दिवशी मी रडले, ते कमलेश अजून सगळ्यांना सांगत सुटतो.

मग सुरू झाली जत्रा. आख्खा पाडा बघायला लोटला. "अगो बाय, एवढीशी?" "ओंजळीत मावेल की." "कातडीतून शिरा दिसतात बघ." बघतात म्हणजे किती बघावं, पाळण्यात तोंड घालून बघत होते. एक म्हातारी, नाव घेत नाही, माघीच्या समोर म्हणाली, "जगेल का गं ही?" माघीने पदर तोंडात कोंबला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या म्हातारीला मी दारापर्यंत पोचवलं, कशी ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागलीच्या शेतात गेले आणि बुजगावण्याचं मुंडकं काढून आणलं. मुंडकं म्हणजे काळं मडकं, त्याला चुन्याने डोळे काढलेले. शेताजवळून जाणाऱ्याची पहिली नजर त्या मडक्यावर पडते, मग पिकाला लागत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पिकाला चालतं तर पोरीला का चालू नये? शेजारचा लक्ष्याबाबा बोहाड्याच्या उत्सवातली सोंगं, म्हणजे देवा-राक्षसांचे मुखवटे, रंगवतो, त्याला म्हटलं, नवे डोळे काढून दे. त्याने डोळे काढले, वर बत्तीस दात काढले, लाल जीभ काढली आणि मिशाही. मी म्हटलं, मिशा कशाला? तो म्हणाला, शोभतात. ते मडकं मी दाराच्या आतल्या बाजूला वाशाला टांगलं आणि घराला नियम लावला.

नियम असा. उंबऱ्यावर थांबायचं, मान वर करायची, मडक्याकडे नीट बघायचं. मग आत यायचं. पोरीकडे टक लावून बघायचं नाही, जाता जाता काय दिसेल तेवढं. कुणी विसरलं की मी होतेच. एक हात कमरेवर, हनुवटी झटक्याने वर मडक्याकडे, आणि तोंडाने "हं!" एवढ्यावर काम व्हायचं. कमलेश दिवसभर जीप चालवून दमून यायचा, तरी आधी मडकं. माघी डोक्यावर दोन हंडे घेऊन यायची, तिला मान वर करता यायची नाही, तर ती नुसती बुबुळं वर करायची. शाळेचे देवानंद मास्तर म्हणाले, "बायडीबाई, ही अंधश्रद्धा आहे." मी म्हटलं, असेल मास्तर, आधी मडक्याकडे बघा आणि मग काय सांगायचं ते सांगा. त्यांनी बघितलं.

पोरगी जगली. मडक्याने जगली की नाशिकच्या डॉक्टरांनी जगवली की माघीच्या दुधाने, त्यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. सावकाश वाढली, पण वाढली. उशिरा बसली, उशिरा रांगली, दीड वर्षाची झाली तरी मेढीला, म्हणजे घरातल्या खांबाला, धरून उभी राहायची तेवढंच. आमची गंगी, आश्रमशाळेत माझ्या बाकावर बसायची ती, आता गावात आशाताई आहे. ती म्हणायची, हिचं वय जन्मापासून मोजू नकोस, यायची होती त्या दिवसापासून मोज. मला ते पटलं. एस.टी. उशिरा सुटली की उशिराच पोचणार.

पण बघणं? बघण्याचं काय?

एका दुपारी माघी भाकऱ्या थापत होती आणि एकदम थांबली. म्हणाली, "बाय, ही माझ्याकडे बघत नाही."

"बघते की. डोळे काय उगाच आहेत?"

"नाही बघत. मी पाणी घेऊन येते, ही दाराकडे तोंड करून बसलेली असते. मला वाटतं माझीच वाट बघते. मी आत आले की ही वर बघते, मडक्याकडे. मी अठ्ठावन्न दिवस तिच्या पेटीपाशी बसले, बाय. तिला मी माहीतच नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते असतं तर मी काहीतरी बोलले असते. तिने भाकरी उलटली, तेवढंच. मी म्हटलं, थांब, मी बघायला लावते. मी नाकाला हळद फासली, डोक्यावर सूप घेतलं, थाळी वाजवली, बकरीसारखी ओरडले. बाहेरची बकरी आत आली. चंदनाने थाळीकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, बकरीकडेही बघितलं. माझ्या पिवळ्या नाकाकडे काही बघितलं नाही. बकरी मला काही कमीपणा आणायला आली नव्हती, पण मला तो आला.

माघ महिन्यात जव्हारला शिबिर होतं, लवकर जन्मलेल्या मुलांसाठी. गंगीने आमचं नाव लावलं. कमलेशने आम्हाला जीपने नेलं. एका हॉलमध्ये पडदे लावून खोल्या केल्या होत्या. एका खोलीत तुषार नावाचा उंच, चष्मेवाला, शांत पोरगा बसला होता. मुलांची नजर तपासणं हेच त्याचं शिक्षण, असं गंगीने सांगितलं. असंही शिक्षण असतं, आता बोला. त्याच्याकडे एक छोटा टीव्ही होता. टीव्हीच्या खाली एक कॅमेरा, तो म्हणे बाळाची बुबुळं कुठे फिरतात ते पकडतो. टीव्हीवर एका बाजूला हसणारी, खेळणारी मुलं, दुसऱ्या बाजूला गरगरणारी रंगीत चाकं. चंदना माघीच्या मांडीवर बसून बघत होती. नंतर तुषारने आम्हाला दाखवलं, जिथे जिथे तिची नजर गेली तिथे लाल ठिपके. मुलांच्या तोंडांवर पाच-सहा ठिपके. चाकांवर इतके की चाकंच दिसेनात.

माघीने तो पडदा बघितला आणि पोरीला पदराखाली घेतलं, कुणी तिला मारायला येत असल्यासारखं.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. खुर्चीवरून उठून आमच्याजवळ बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "फार लवकर जन्मलेल्या बऱ्याच मुलांमध्ये हे दिसतं. माणसाचा चेहरा सोपा नसतो हो. डोळे हलतात, तोंड हलतं, सगळं एकदम. काही मुलांना त्याला वेळ लागतो. यात आईचा काही दोष नसतो. आणि आजच्या एका तपासणीवरून पुढचं काही पक्कं सांगता येत नाही." मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. तिच्या उंचीवर बसायचं, आपलं तोंड तिच्यासमोर न्यायचं, काही वाजवायचं नाही, नाचायचं नाही. नुसतं थांबायचं, मनात सावकाश दहा मोजायचे. दोन महिन्यांनी तुषार घरी येऊन बघेल, त्यावर ठरेल. गरज वाटली तर दर आठवड्याला नाशिकला शिकवणीला यावं लागेल.

"आणि," त्या सहज म्हणाल्या, "घरात माणसं येतात-जातात ती हिच्याकडे बघतात ना? बोलतात ना?"

माघीने माझ्याकडे बघितलं. कमलेशने जमिनीकडे बघितलं. मी म्हटलं, "बघतात की. न बघायला काय झालं?"

जीपमध्ये मी पुढच्या सीटवर बसले होते आणि घाट उतरेपर्यंत नुसती बाहेर बघत होते. कमलेशने दोनदा विचारलं, बाय, गाडी लागली का? गाडी कसली लागते मला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पोराला बघायला कोण शिकवतं? बघणारी माणसं शिकवतात. आणि मी दीड वर्ष आख्ख्या गावाला न बघायला शिकवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आईचा दोष नसतो. आत्याचं त्या काही बोलल्या नव्हत्या. मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली. नागलीला वाचवता वाचवता पाखरंच काय, वारासुद्धा शेतात येऊ दिला नाही, असं तर नाही ना झालं?

हे मी कुणाला सांगितलं का? नाही. मडकं उतरवलं का? तेही नाही. उतरवलं असतं तर माघीने विचारलं असतं, का गं उतरवलं? आणि खरं सांगायचं तर नजर लागायची भीतीही होतीच. मग मी मधला मार्ग काढला. गावाला नवा नियम लावला. आधी मडक्याकडे बघायचं, आणि नंतर पोरीच्या तोंडाकडे बघायचं, चांगलं दहा मोजेपर्यंत.

त्यातून जो तमाशा झाला तो काय सांगू. माणसं आत यायची, वर बघायची, मग आठवण झाली की चंदनासमोर धपकन बसायची आणि डोळे फाडून तिच्याकडे बघत राहायची. लक्ष्याबाबाने तर पापणीही हलवली नाही, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तो मोठ्याने मोजत होता, आणि सहानंतर आठ म्हणाला. चंदनाने तोंड फिरवलं आणि भोकाड पसरलं. देवानंद मास्तर इतक्या जवळ गेले की तिने त्यांचा चष्मा ओढला. मास्तर म्हणाले, ही प्रगती आहे. मी म्हटलं, मास्तर, तिने चष्म्याकडे बघितलं, तुमच्याकडे नाही.

आणि मी स्वतः? माझ्याने दहा मोजणं होईना. मी तिच्यासमोर बसायचे, एक, दोन, तीन, आणि चारला माझ्या तोंडून जायचं, "अगो बघ की!" ती दचकायची आणि झाकणाशी खेळायला लागायची. तीस पोरांना धाक घालणारे डोळे, पण थांबायचं त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. माघीला जमायचं. ती पाणी भरून, सारवून, भाकऱ्या करून दमली तरी तिच्यासमोर बसायची आणि मोजायची. पण तेवढ्यात कुणीतरी दारात यायचं, माघीची मान सवयीने वर जायची, आणि मोजणं मोडायचं.

फाल्गुनात, होळी होऊन गेल्यावर, एका सकाळी गंगी तुषारला घेऊन आली. माघी पाण्याला गेली होती. आमची विहीर टेकडीच्या खाली, उन्हाळा लागला की जाऊन यायला तास जातो. कमलेश जीपवर. घरात मी आणि चंदना. ती मेढीजवळ जमिनीवर बसून डब्याचं झाकण फिरवत होती. आज ठरणार म्हणून मी सकाळपासून दोनदा घर झाडलं होतं.

गंगी उंबऱ्यावर थांबली, वर बघितलं, आत आली. अंगवळणी पडलेलं. तिच्या मागून तुषार. त्या बिचाऱ्याला नियम ठाऊक नव्हता. तो थोडा वाकून आत आला, कारण उंच, आणि थेट चंदनासमोर मांडी घालून बसला. गप्प. काही वाजवलं नाही, हातवारे नाहीत. नुसता थांबला.

चंदनाने झाकण खाली ठेवलं. तिची मान हळूहळू वर झाली, मडक्याकडे. मी मनात म्हटलं, संपलं. आता नाशिक. मग तिची मान खाली आली, तितकीच हळू, आणि ती तुषारच्या तोंडाकडे बघायला लागली. त्याच्या डोळ्यांकडे. परत वर, मडक्याकडे. परत त्याच्याकडे. तुषार जागचा हलला नाही. त्याला काय माहीत वर काय आहे ते.

मग चंदनाने एक हात कमरेवर ठेवला. हनुवटी झटक्याने वर केली, मडक्याकडे. आणि तोंडाने म्हणाली, "हं!"

गंगी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मला हसू येईना. माझा हात माझ्या कमरेवर होता, तो मी काढून घेतला. पोरगी पाहुण्याला रीत शिकवत होती, बाबा रे, या घरात आधी वर बघतात. आणि शिकवत होती ती हुबेहूब माझ्यासारखी, तो हात, ती हनुवटी, ते हं. हे तिने बघितलं कधी? मी तर शपथेवर सांगितलं असतं की ती माझ्याकडे कधी बघतच नाही.

तुषारला कळेना. त्याने विचारलं, "मावशी, ही काय सांगते?"

"वर बघायला सांगते," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. मिशीवाल्या मडक्याने त्याच्याकडे बत्तीस दात काढून बघितलं. तुषार दचकला, आणि चंदना हसली. खुदकन, त्याच्या तोंडाकडे बघून. पाहुणा शहाणा झाला म्हणून असेल.

मग मला सगळं सांगावं लागलं. म्हातारीचं, शेताचं, नियमाचं, आणि शिबिरात मी खोटं बोलले त्याचंही. एवढं बोलताना माझा आवाज असा बारीक झाला की गंगी म्हणाली, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. शेवटी म्हटलं, "मी बिघडवली का रे हिला?"

तुषारने चष्मा पुसला. तो उगाच गोड बोलणारा पोरगा नाही. म्हणाला, "मावशी, ही चेहऱ्यांकडे कमी बघते, ते लवकर जन्मल्यामुळे असू शकतं. तुमच्या मडक्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, आणि मडक्याचा काहीच संबंध नाही असंही मला सांगता येणार नाही. पण आता मी जे बघितलं ते ऐका. ही तुमची नजर कुठे जाते ते बघते आणि तिच्या मागे जाते. माणसाकडे न बघता हे कसं येईल? फक्त ती हळू आहे. तुम्ही येता, वर बघता, ती तुमच्याबरोबर वर बघते. तिची नजर परत खाली येते, तोवर तुम्ही चुलीपाशी गेलेल्या असता."

हे वाक्य माझ्या काळजात घुसलं. माझ्या डोळ्यांसमोर माघी उभी राहिली, दोन हंडे डोक्यावर, बुबुळं वर, आणि मग सरळ पाणी ओतायला. वाट बघून बसलेली पोरगी वर बघून खाली येते, तर आई नाही. दीड वर्ष, रोज दोन वेळा.

पुढच्या शिबिराला यायचंच आहे, तपासणी परत होणार, आणि नाशिकच्या शिकवणीचं आज न ठरता तेव्हाच कळेल, असं तुषार सांगत होता. मी ऐकत होते आणि नव्हतेही. मी पाट ओढला, त्यावर चढले आणि मडकं उतरवलं. तेवढ्यात लक्ष्याबाबा आला, सवयीने वर बघितलं, आणि मडकं माझ्या हातात बघून त्याचं तोंड पडलं. "रंग उडाला का?" म्हणाला. मी म्हटलं, नाही बाबा, नागलीला परत न्यायचंय. तो म्हणाला, एवढ्या मिशा काढल्या त्या आता पाखरांना दाखवायच्या का, आणि रुसून ओट्यावर जाऊन बसला.

मी मडकं माळ्यावर ठेवत होते आणि बाहेर माघीच्या पायांचा आवाज आला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती उंबऱ्यावर आली, दोन हंडे डोक्यावर, आणि थांबली. बुबुळं वर. वाशाला नुसती दोरी लोंबत होती.

चंदनाही वर बघत होती. दोघी त्या रिकाम्या दोरीकडे बघत होत्या.

माघीने पाय उचलला. मी म्हटलं, "हलू नकोस. तिथेच थांब." माझा आवाज असा होता की ती थांबली, हंड्यातलं पाणी तिच्या कपाळावर ओघळत होतं तरी थांबली. मी मनात मोजायला लागले. एक. दोन. चंदना दोरीकडेच बघत होती. तीन. चार. माझी जीभ वळवळली, मी ती दातांखाली धरली. पाच. पोरीची मान खाली यायला लागली. सहा. हंड्यावर, कपाळावरच्या पाण्यावर. सात.

सातला ती माघीच्या डोळ्यांत पोचली आणि तिथेच राहिली.

आठ, नऊ, दहा, अकरा. नंतर मी मोजलं नाही. माघीचा चेहरा सगळा ओला झाला होता, त्यात हंड्याचं पाणी किती नि तिचं किती, मला सांगता येणार नाही. चंदनाने हनुवटी वर करून दोरी दाखवली, परत आईकडे बघितलं आणि आवाज काढला. माझ्यासारखा हुकमाचा नव्हे, विचारल्यासारखा. कुठे गेलं?

"मला नाही गं माहीत," माघी म्हणाली. "तुझ्या आत्याला विचार." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं.

चंदनाने ते बघितलं. आईची नजर जिकडे गेली तिकडे तिची नजर निघाली, तिच्या चालीने, मेढीवरून, चुलीवरून, पाटावरून, आणि माझ्यापर्यंत आली. तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. बोल, कुठे नेलंस?

तीस पोरांना गप्प करणारी मी. माझीच नजर खाली गेली. पायाच्या अंगठ्याने मी शेणाची जमीन उकरायला लागले, ताटात हात घातलेल्या पोरासारखी. मनात सावकाश दहा मोजले, एकही न गाळता, आणि मग वर बघितलं.

ती अजून माझ्यासाठी थांबली होती.